खलबत्ता

शीलरत्नने पहिला बीट बनवला तेव्हा
आमच्याकडे धड माइक नव्हता, कूलर होता.
मे महिना. लष्करीबागेत त्याच्या आत्याची पत्र्याची खोली.
कूलर चालू ठेवला तर आवाजात वारा घुसायचा,
बंद केला तर आम्हीच शिजायचो.
"तीन मिनिटं सहन कर न," म्हणायचा,
"तीन मिनिटांत कोणी मरून नाही राह्यलं."
मग बटण बंद. फक्त वाळ्यातून गळणारं पाणी
ऐकू यायचं गाण्यामागे.
ते त्याने कधी काढलं नाही.

आम्ही चौघं. नाव दहा नंबर,
पुलियावरून घेतलेलं, तिथला चहावाला
एका हाफवर दोन तास बसू द्यायचा म्हणून.
विनीत गजघाटे पेट्रोलच्या पावत्यांवर ओळी लिहायचा,
अश्फाक मोमिनपुऱ्यातून सायकलने यायचा, तोंडात ढोल घेऊन.
मी मधलं कडवं.
आणि शीलरत्न माइकपुढेही, माइकमागेही:
स्वतःचं म्हणून झालं की हेडफोन चढवून
आमचे श्वास कापत बसायचा, शिंप्यासारखा.
"इथं तू घाबरली," पडद्यावर बोट ठेवायचा.
निळ्या रेघेत एवढासा खड्डा.
माझी भीती मला पहिल्यांदा दिसली ती अशी.

स्नेअर मिळत नव्हता.
नेटवरचे सगळे परक्या गॅरेजमधले, थंड.
तर माझ्या मायचा लोखंडी खलबत्ता,
दगडफूल कुटत होती ती, त्याने फोन जवळ धरला.
"मावशी, अजून एक. रागावून."
"कोणावर?"
"कोणावरही."
माय जरा वेळ गप्प राहिली.
मग मारला.
तो ठोका.

एक गाणं चाललं. अख्ख्या इंदोऱ्याने फोनवर ठेवलं.
धरमपेठेतल्या एका कॉलेजात जातीची ओळ आली
आणि साउंडवाल्याने आवाज खाली ओढला.
शीलरत्न स्टेजवरून उतरला, गर्दीतून चालत गेला,
भांडला नाही, आवाज वर सरकवला
आणि तिथंच उभा राहून उरलेलं म्हटलं,
पोरांकडे पाठ करून, साउंडवाल्याच्या तोंडावर.

मग मुंबईहून फोन. एकट्याला.
त्याने आम्हाला विचारलं, हे त्याचं चांगलं.
आम्ही जा म्हटलं, हे आमचं.
खरं कोणीच बोललं नाही.
चौदा महिने अंधेरीत तो दुसऱ्यांच्या गाण्यांना बूड लावत राहिला,
खालचा दणका त्याचा, वरचं नाव भलत्याचं.
एकदा रात्री दीडला फोन:
"इथं एसी आहे गं. एसीले आवाजच नाही."
ठेवून दिला.

परतला तोवर विनीत गोंदियात बँकेत,
अश्फाकचं टाइल्सचं दुकान, मी मेयोत स्टाफ नर्स.
त्याने शिकवणी वर्गांच्या जाहिराती केल्या,
नगरसेवकाचा वाढदिवस, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका, रॅपमध्ये.
"पैसे देऊन राह्यले," म्हणाला. मी हसले.
हसायला नको होतं.

आज नाइट संपवून आले. साडेसहा.
गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी, गाणं नवीन.
ओला वेगळा, सुका वेगळा, एवढाच मजकूर,
कुण्या बाईचा गुळगुळीत गळा, ढोलकी,
आणि दर चौथ्या मात्रेला
खलबत्ता.
मी रस्त्यातच थांबले.
बाया डबे घेऊन निघालेल्या, पावलं
त्याच ठोक्यावर पडत होती, त्यांना न कळता.
मायही आली बकेट घेऊन.
"काऊन उभी आहेस? गाडी चालली."
"माय, तेव्हा तू कोणावर रागावली होतीस?"
"कधी?" म्हणाली,
आणि बकेटीच्या बुडावर दोनदा हात मारला,
चिकटलेलं सुटावं म्हणून.